रद्द नव्हे, तहकूब

आमच्या घरात कुठलीच गोष्ट रद्द होत नाही, तहकूब होते. गॅस संपला की स्वयंपाक तहकूब. माझं आणि नवऱ्याचं भांडण रंगात आलं असताना पाहुणे टपकले की भांडण तहकूब, आणि पाहुणे गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत ते होतं तिथून पुढे सुरू. लेकीने शाळेत निबंधात 'पावसामुळे सहल तहकूब झाली' असं लिहिलं होतं. तिच्या बाईंनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून वर 'रद्द' असं दुरुस्त केलं. मी त्या बाईंना जाऊन भेटणारच होते. नवऱ्याने तेही तहकूब करायला लावलं.

हा शब्द आमच्याकडे आला सरांकडून. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. नगरच्या एका कॉलेजात लोकप्रशासन शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वडील कोर्टात बेलीफ होते, त्यामुळे समन्स, तारीख, मुदत, हरकत हे शब्द सरांनी घरात जेवता जेवता ऐकलेले. घरी ते दखनी बोलत आणि वर्गात असं नितळ मराठी बोलत, की मागच्या बाकावरची आम्ही खेड्यातली मुलं आपोआप आपलं 'हाय' आणि 'न्हाई' गिळून टाकायचो. ते त्यांना कळायचं. एकदा मला म्हणाले, "गिळू नकोस. तहसील, तालुका, तहकूब, हे सगळे शब्द माझ्या घरातून निघाले आणि तुझ्या गावच्या चावडीवर म्हातारे झाले. त्यांना काही शरम वाटते का?"

माझं गाव पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं. कर्ती माणसं ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. माझे आई-वडीलही जायचे. मी आत्याकडे असायचे. आत्या वडिलांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. मी एम.ए.ला लोकप्रशासन घेतलं तेव्हा तिने गावभर सांगितलं की पोरगी 'परशासनात' गेली. झालं. सुट्टीला घरी आले की लोक रेशनकार्ड आणि सातबारे घेऊन दारात. मी सांगून सांगून थकले की मी कारभार करत नाही, कारभार कसा चालतो त्याचा अभ्यास करते. आत्याने एकदा नीट बसवून घेऊन विचारलं, म्हणजे नुसतं बघायचं? मी म्हटलं, हो. तिने तडक शेजारणीला सांगितलं की पोरगी साहेबांवर लक्ष ठेवायला नेमली आहे. माझ्या विषयाची यापेक्षा चांगली व्याख्या मला पुढे कुठल्या ग्रंथात सापडली नाही.

पीएच.डी.साठी मी ग्रामसभा हा विषय घेतला. डोक्यात आधीच सगळं ठरलेलं होतं. ऊसतोडीच्या हंगामात गाव रिकामं, मग जानेवारीतल्या ग्रामसभेला कोरम कुठून होणार? म्हणजे सभेला लागतात तेवढी किमान माणसंच हजर नसणार. मी ऐटीत जीपने गावी गेले. चावडीपुढे सतरंजी, टेबल, ग्रामसेवक, आणि टेबलाखाली एक कुत्रं. बरीच वाट पाहून ग्रामसेवकांनी जाहीर केलं की कोरमअभावी सभा तहकूब. मी ते टिपून घेतलं आणि परतीच्या जीपमध्ये बसले. रिकामी सतरंजी हाच माझा निष्कर्ष होता, आणि तो मला फार आवडला होता.

सरांनी शांतपणे ऐकलं. त्यांच्या खोलीत एकच चांगली खुर्ची होती, ती ते विद्यार्थ्याला देत आणि स्वतः स्टुलावर बसत. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "अर्धा तास थांबलीस का?"

आपल्याकडे कुठल्याही सभेच्या नोटिशीत, मग ती ग्रामसभा असो, सोसायटी असो की दूध संघ, तळाला एक ओळ असते. कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल आणि त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही. मी ती ओळ शेकडो वेळा वाचली होती. वाचून सोडून दिली होती, जशी सगळे देतात.

मी नाही म्हणाले. सर म्हणाले की मग तू सभा पाहिलीच नाहीस, सतरंजी पाहून आलीस.

पुढच्या जानेवारीतल्या सभेला मी थांबले. ग्रामसेवकांनी तहकूब जाहीर केली, चहा मागवला. आणि चहा संपेपर्यंत गल्लीगल्लीतून माणसं यायला लागली. काठ्या टेकत म्हातारे, पदर सावरत म्हाताऱ्या, कडेवर नातवंडं. आत्या शेंगांची ओंजळ घेऊन पुढच्या रांगेत बसली. सतरंजी पुरेना. माणसं होती ती बहुधा कोरमपेक्षाही जास्त भरली असती, पण आता मोजायचं कुणाला पडलं नव्हतं. मी आत्याला विचारलं की तुम्ही सगळे मघाशी का नाही आलात. तिला प्रश्नच समजेना. आमच्या गावाने त्या शेवटच्या ओळीचा अर्थ आपल्या परीने लावला होता. नोटिशीत दोन सभा लिहिल्यात, एक सभा आणि एक तहकूब. लोक एकमेकांना सरळ विचारायचे, तहकूब किती वाजता हाय? पहिलीला जायची पद्धतच नव्हती.

"पयली सभा खुर्च्यांची," आत्या शेंग फोडत म्हणाली. "तहकूब आपली."

या गैरसमजावर माझा सगळा प्रबंध उभा राहिला. सरांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावरून उठले, खिडकीशी गेले, परत आले आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले की मला त्या आत्याबाईंना भेटायचंय. आणि खरंच भेटले. उन्हाळ्यात एसटीने आले, चावडीवर बसले, आत्याच्या हातची भाकरी खाल्ली आणि मला खुणेनेच सांगितलं की तू गप्प बस, मला ऐकू दे. जाताना आत्या त्यांना म्हणाली की आमच्या पोरीला लवकर मोकळी करा. सर म्हणाले, ती मोकळीच आहे, कागद तेवढे बाकी आहेत.

कागद बराच काळ बाकी राहिले. माझं लग्न झालं, राहुरीला सासर मिळालं. राहात्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जायचे, सकाळी एसटीत उभी, दुपारी एसटीत उभी. मग लेक झाली. ती रांगायला लागली तेवढ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. घरात माझ्याशिवाय दिवसा कोणी नव्हतं. सहामाही प्रगती अहवालात लिहायला प्रगतीच नव्हती. एक दिवस मी लेकीला घेऊन नगरला गेले आणि सरांना सांगितलं की नोंदणी रद्द करायचा अर्ज घेऊन आलेय.

त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं. तिने त्यांचं पेन ताब्यात घेतलं. अर्जाकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, "रद्द का करतेस? तहकूब कर."

मला राग आला. मला वाटलं, या माणसाला सगळं आयुष्य विनोदासारखं दिसतं. मी जरा तोडूनच विचारलं की फरक काय पडतो, दोन्हीत सभा होत नाहीच.

"फरक आहे, बेटा. रद्द झालेली सभा परत भरवायची तर सगळं पहिल्यापासून. नोटीस काढा, माणसं गोळा करा, सगळ्यांची मनं वळवा. तहकुबीला कोरम लागत नाही. तू एकटी येऊन बसलीस तरी ती सभाच असते."

मी तिथेच रडले. सर बशीत चहा ओतून गार करत बसले, माझ्याकडे न बघता, म्हणजे मला पोटभर रडता यावं. अर्ज पेनासकट लेकीच्या हातात होता आणि तिने त्यावर भरपूर काम केलेलं होतं. तो कुठे द्यायच्या लायकीचा उरला नाही. नंतर खूप उशिरा, सासूबाई हिंडाफिरायला लागल्यावर, मी एका सकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद पसरले. कुणाला विचारलं नाही, कुणाची मनं वळवली नाहीत. एकटी येऊन बसले. डॉक्टर झाले, पाथर्डीच्याच कॉलेजात कायम झाले, गावाकडे येऊन राहिले, आता माझ्या हाताखाली पोरं पीएच.डी. करतात. ती रद्दचा अर्ज घेऊन आली की मी चहा मागवते.

सरांची स्वतःची एक सभा मात्र तहकूब होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निरोपाचं व्याख्यान द्यायचं ठरवलं होतं. विषय होता 'गैरहजर'. आम्ही जुने विद्यार्थी दूरदूरून आलो. आणि ऐन दुपारी कुणा पुढाऱ्याचा दौरा ठरला, सभागृह त्यात गेलं. आम्ही चिडलो. सर हार आणि नारळ पिशवीत टाकत म्हणाले, तहकूब. त्यानंतर दर वेळी भेटले की मी विचारायचे, सर, व्याख्यान? ते हसायचे. मग आमच्या गडबडीत वर्षं गेली.

एक दिवस सरांच्या लेकीचा फोन आला. ती नगरलाच शाळेत शिकवते, सर तिच्याकडेच असतात. म्हणाली की अब्बा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजला निघतात. डॉक्टर म्हणाले होते की विसरणं वाढत जाणार, थांबणार नाही. मी भेटायला गेले. सरांनी मला ओळखलं, पण मधले शब्द त्यांच्या हातातून निसटत होते. गंमत अशी की घरातले शब्द आधी गेले होते आणि कचेरीतले शाबूत होते. बशी म्हणायचं सुचत नव्हतं, पण आणखी चहा हवा असला की म्हणत, मुदतवाढ मिळेल का? उशी नको असली की म्हणत, हरकत आहे. लेक हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. आणि मधेच सर मला अगदी स्पष्ट म्हणाले, "माझं एक व्याख्यान राहिलंय."

तेव्हा मी ठरवलं की ते झालंच पाहिजे, आणि शब्द आहेत तोवर झालं पाहिजे. आजवर मी सरांसाठी काहीही केलेलं नव्हतं. त्यांनी कधी करू दिलं नव्हतं. माझे वडील मला जन्म देऊन उसाच्या फडावर गेले आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. पण मला बसवून, थांबवून माणूस केलं ते सरांनी. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आपल्याकडे असलं तोंडावर सांगायची रीत नाही.

आमच्या प्राचार्यांनी जानेवारीतल्या एका शनिवारची दुपार दिली. मी सूचना तयार केली आणि गमतीने तळाला ती ओळ घातली. कोरमअभावी व्याख्यान तहकूब झाल्यास ते त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल, त्यास कोरमची आवश्यकता राहणार नाही. कॉलेजच्या फलकावर लावली, विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि सर एकदा येऊन गेलेत म्हणून गावाच्या ग्रुपवरही टाकली.

माझा नवरा सरांना आणि त्यांच्या लेकीला गाडीतून घेऊन आला. करंजीच्या घाटात सरांना मळमळलं, तरी इस्त्री मोडली नव्हती. आणि सभागृहात कोणी नव्हतं. हंगाम असल्यामुळे आमची निम्मी मुलं ऊसतोडीला गेलेली, आणि राहिलेली शनिवारी दुपारच्या एसटीने घरोघर पांगलेली. वीस वर्षं हा विषय शिकवणाऱ्या बाईला हे आधी कळू नये! दोन सहकारी तेवढे माझ्या भिडेपोटी थांबले होते. माझा चेहरा पार उतरला. मी सरांच्या लेकीकडे बघू शकत नव्हते.

सर मंचावर चढले. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. मला वाटलं, आता हे घाबरतील, आपण कुठे आलोय विचारतील. त्यांनी घड्याळ पाहिलं, माइकपाशी तोंड नेलं आणि भरदार आवाजात म्हणाले, "कोरमअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने, याच जागी." आणि खाली उतरून चहा मागितला.

मला वाटलं की निदान आम्ही पाच जण ऐकू. चहा आला, सरांनी बशीत ओतला, त्याला मुदतवाढ घेतली. आणि मग बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरी. दारातून आधी आत्या आत आली, हातात काठी, डोक्यावर पदर. तिच्या मागे गाव. जेवढं म्हणून हंगामात मागे राहतं तेवढं, म्हातारे, म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. मी पळत जाऊन तिचा हात धरला आणि म्हटलं की अगं, वेळेवर का नाही आलीस, माझा जीव जायची पाळी आली. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की एवढी शिकून ही अशीच राहिली.

"तूच लिवलं हुतंस ना खाली," ती म्हणाली. "आमी तहकुबीला आलो."

सरांनी तिला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते मंचावर गेले.

ते सुंदर बोलले. कागद नव्हता. म्हणाले की मी आयुष्यभर हजेरी घेतली आणि हजर असलेल्यांपेक्षा मला गैरहजर असलेल्यांची काळजी जास्त वाटली. म्हणाले, गैरहजर असायला आधी हजेरीपटावर नाव असावं लागतं. नाव आहे, म्हणून तर माणूस गैरहजर ठरतो. ज्याचं नावच नाही तो गैरहजर नसतो, तो नुसता नसतो. कारभाराचं पहिलं काम म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव पटावरून न काढणं. फडावर गेलेल्या माणसांचे आई-बाप समोर बसले होते. मी मनात म्हणत होते, झालं, पोचलो.

मग सर म्हणाले, "माझी एक विद्यार्थिनी होती. ऊसतोड कामगारांची मुलगी. तिच्या गावात लोक पहिल्या सभेला जात नसत. फार हुशार मुलगी. तिचं नाव…"

आणि थांबले. ते माझ्याकडेच बघत होते. मी पहिल्या रांगेत होते, दहा पावलांवर. त्यांचे ओठ हलले, हात वर आला, बोटं हवेत काहीतरी चाचपडली. नाव येईना. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी आधी कधीच पाहिली नव्हती. मला नाव सांगायचं होतं. माझंच तर होतं ते. मी अर्धवट उठलेही, पण स्वतःचं नाव मोठ्याने घेणं मला जमेना. सरांची लेक उठून मंचाकडे निघाली.

मागून आत्याचा आवाज आला, नेहमीचा, चावडीवरचा.

"तहकूब करा, सर. आमी परत यिऊ."

सरांनी तिकडे पाहिलं. हात हळूहळू खाली आला.

"रद्द नाही ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, न्हाई," आत्या म्हणाली. "रद्द कशापायी? तहकूब."

आणि मागच्या चार-दोन म्हाताऱ्यांनीही माना हलवून दुजोरा दिला, तहकूब, तहकूब. सरांनी टेबलावर हाताचा तळवा टेकला, अध्यक्ष टेकतात तसा, आणि सभा तहकूब केली. खाली आले तेव्हा चेहरा निवळला होता. आत्याने कमरेच्या पिशवीतून शेंगा काढून त्यांच्या ओंजळीत दिल्या.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. मी रविवारी नगरला जाते. सर खिडकीपाशी असतात, इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. मी कोण ते त्यांना आता कळत नाही, पण कुणीतरी आपलं आलंय एवढं कळतं. चांगली खुर्ची मला देतात. मग दाराकडे बघून विचारतात, कोरम झाला का? मी म्हणते, नाही सर, आजची तहकूब सभा आहे. मग लागत नाही, असं म्हणून ते खुशीत मान हलवतात आणि सुरू करतात, माझी एक विद्यार्थिनी होती, ऊसतोड कामगारांची मुलगी. नावापाशी आले की अडतात. त्यांची लेक आतून पुटपुटते की सांगून टाक ना गं. मी सांगत नाही. मी त्यांचा हात धरून थांबते. अर्धा तास थांबायला मला त्यांनीच शिकवलंय.